लॉक झालेला कीबोर्ड

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या अगोदरच्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. पूर्णेत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका छापखान्यात मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचे. टायपिंगची परीक्षा पास होऊन, नांदेडला रेल्वेनं जाऊन-येऊन शिकले होते मी ते. तेव्हा गावात असलं मशीन चालवणारी बाई मीच, आणि त्याचा मला तोरा होता. का नसावा?

मालकांना मी काका म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा एक पुतण्या परभणीत कॉम्प्युटर शिकला होता, आणि माझ्या खुर्चीवर घरचंच माणूस बसावं असं काकांच्या फार मनात. निमित्त तेवढं मिळत नव्हतं.

ते मिळालं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी काकूंनी मशीनची यथासांग पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचा हार. सकाळी मी बटण दाबलं, पडदा उजळला आणि इंग्रजीत एक ओळ येऊन थांबली: कीबोर्ड लॉक्ड. मग कुठलंही अक्षर दाबा, मशीन ढिम्म.

"काय म्हणायलंय ते?" काकांनी मागून विचारलं.

"कीबोर्ड लॉक झालाय म्हणतंय."

"घ्या! केलंस ना जाम?"

आमच्याकडं सायकलचं चाक लॉक होतं, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा लॉक होतो. लॉक म्हणजे जाम. दुसरं काही माझ्याही डोक्यात आलं नाही.

"लय बडवतीस तू. टाइपरायटर हाय का त्यो? पुतण्याला बोलावून घेतो आजच. इथून पुढं त्योच बसंल हितं."

बडवते म्हणे! माझं डोकंच फिरलं. "तो येईपर्यंत तर मशीन माझ्या ताब्यात आहे ना? मग कुणी मधे बोलू नका," मी म्हणाले आणि पदर खोचला.

मशीन बंद केलं. कीबोर्डची वायर काढली, फुंकर मारली, परत घट्ट बसवली. तीच ओळ. मग कीबोर्ड उपडा करून झटकला, तर टेबलावर टपटप अक्षता! वाटलं, सापडलं दुखणं. पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तीच ओळ. केसातला आकडा काढला आणि एकेक बटण उचकटून खालची हळद पुसून काढली. सगळी बटणं जागच्या जागी बसवली. तरी काही नाही. तिकडं काका फोन लावायलेत, इकडं माझे डोळे भरून आलेले. रडायचं मात्र बिलकुल नव्हतं, त्यांच्यासमोर तर नाहीच.

निदान घाण ठेवली असं तरी कुणी म्हणायला नको, म्हणून ओल्या फडक्यानं कॉम्प्युटरचा डबा पुसायला घेतला. पुढच्या बाजूला काकूंनी लावलेलं कुंकवाचं बोट होतं. ते पुसलं, तर खाली एक बारकं गोल भोक. त्याच्या शेजारी नखाएवढं कुलपाचं चित्र.

अगं बाई! लॉक म्हणजे कुलूप!

"काका, फोन ठेवा! ह्याची किल्ली कुठाय?"

"ती होय? काल पूजेच्या आधी मीच फिरवली की. म्हणलं, दसऱ्याला मशीनला कुणी हात लावू न्हाई..." बोलता बोलता काकांचा आवाज खाली आला. कमरेच्या जुडग्यात, शटरच्या किल्लीला खेटून ती बारकी किल्ली लटकत होती.

आवाज ऐकून आलेल्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "अन् सकाळधरनं पोरीला बोलायलाव!"

किल्ली मी फिरवली. बोटं ठेवली आणि पडदाभर मोठ्या अक्षरांत उमटवलं: कुलूप काकांनी लावले होते. त्या क्षणी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! काकांनी ते वाचलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "खोड आता ते. गिऱ्हाईक येईल." किल्ली काढून ते परत जुडग्यात अडकवायला लागले, तसा मी हात पुढं केला.

"ती इकडं द्या."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकू माझ्याच बाजूच्या. किल्ली माझ्या तळहातावर आली.

पुतण्या आला, पण दिवाळीला, पाहुणा म्हणून. मशीन बघू का, असं त्यानं मलाच विचारलं. मी आधी माझा चहा संपवला आणि मग किल्ली काढली.