खुर्चीची तालीम

वसई तालुक्यात माणसांना खुर्चीवर बसायला शिकवणारा एकच मास्तर होऊन गेला, ते म्हणजे माझे आतोबा. स्वातंत्र्य येऊन चारेक वर्षं झाली होती. पावसाळ्यात मिठागरं बंद पडत, तिथली तरुण मुलं रिकामी असत. शाळा सुटली की आतोबा घरातली एकुलती एक खुर्ची डोक्यावर घेऊन त्यांच्या वस्तीवर नाटक बसवायला निघत. आत्या तोवर तांदळाच्या डब्यावर बसे. बारीक आवाजाच्या मुलाला ते खाडीपलीकडे उभं करून संवाद म्हणायला लावत. ज्याला वाचता येत नसे त्याला सर्वांत लांब भाषण देत, त्या निमित्ताने अक्षरं येतील म्हणून. पण मालकापुढे उभं राहण्यातच वाढलेल्या या मुलांना बसवणं सर्वांत कठीण. राजा झालेला हिराजी खुर्चीच्या कडेला नुसता टेके.

"नीट बस रे, खुर्ची चावते का?"

"आंग टाकवत नाय, मास्तर."

दोन महिने हीच तालीम चालली.

प्रयोग दसऱ्याला होता. त्यानंतर मालक हंगामाची माणसं निवडत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या अंकात मालक आले आणि राजा ताडकन उठला. प्रेक्षकही उठले. आतोबा वही घेऊन थेट रंगमंचावर आले, हात जोडून म्हणाले, "महाराज, दरबारात पाहुणे आलेत. आपण बसल्याशिवाय त्यांना बसता येत नाही." हिराजीने मालकांकडे पाहिलं. मग तो बसला, पार मागे रेलून, आणि म्हणाला, "बसा, शेट."

शेट बसले.

दिवाळीनंतर माणसं निवडताना मात्र ते हसून म्हणाले, "राजाच्या हातात फावडं कसं द्यायचं?" हिराजीला काम मिळालं नाही. आतोबा दोनदा रदबदली करून रिकामे परतले. हिराजी विरारच्या डोंगराकडे खडी फोडायला गेला.

पुढच्या पावसाळ्यात आतोबा वस्तीवर गेले, पण वाटेत तीनदा थांबले. मी सोबत होतो. "यंदा राजा नको," ते म्हणाले. "मीच लिहिलंय नाटक. सगळे उभेच."

रविवारी हिराजी खाणीवरून चालत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"राजा कोन हाय औंदा?"

"राजा नाही रे या नाटकात."

"मंग मी येवढा चालत कशाला आलो, मास्तर?"

आतोबांनी वही उघडली, आणि पहिल्या पानाच्या समासात, बारीक अक्षरांत, राजाचा प्रवेश लिहायला घेतला.