नसरीन आपांचा हिरवा दिवा

नसरीन आपा आज सकाळी गेल्या.
लातूरला मी पोचायच्या आत दफनही झालं.

नीटच्या तयारीसाठी उमरीहून लातूरला आले, तेव्हा आपांच्या घरी पेइंग गेस्ट होते. पुढच्या खोलीत त्यांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. क्लासेस वाढले तसे त्या सीसीटीव्ही पण बसवायला लागल्या. आमच्या क्लासचे कॅमेरे त्यांनीच लावलेले.

परीक्षा तोंडावर आली आणि मी स्कूटीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये. क्लास तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

अण्णा फोनवर म्हणाले, "राहू दे बाई, घरी ये."
मी बॅग भरायला घेतली.

आपा म्हणाल्या, "थांब की जरा. मी हाय ना."

सरांची परवानगी घेऊन त्यांनी क्लासचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, उघडला. त्यात नुसतं चित्र रेकॉर्ड व्हायचं. आपांनी सरांच्या टेबलावर माईक बसवला, वायर डीव्हीआरला जोडली, सगळं इंटरनेटवर घेतलं.
मला पलंगावर बसून मोबाईलवर क्लास दिसायला लागला. आवाजासकट.

तरी एक दिवस मी रडत होते.

"आता दिसतंय, ऐकू येतंय. मग रडून का राहिलीस?"

"आपा, मला समजलं न्हाई, हे तिकडं कुणाला कळतच न्हाई."

आपा माझ्याजवळ बसून म्हणाल्या,
"भूकंपात मी ढिगाऱ्याखाली होते बेटा. वरच्या लोकांचं बोलणं ऐकू यायचं. मी ओरडून राहिले होते. कुणाला ऐकूच जाईना."

"मग?"

"अब्बांना माझा हात दिसला."

एवढंच. पुन्हा त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत क्लासवर गेल्या. डीव्हीआरला मागे, चोर आला की भोंगा वाजावा म्हणून एक जागा असते. तिथं त्यांनी भोंग्याऐवजी छोटा हिरवा दिवा जोडला. मी मोबाईलवर बटण दाबलं की तो सरांच्या टेबलावर पेटणार.

सर कुरकुरले, "आपा, मधेच दिवा लागला तर पोरं हसतील."

"हसू द्या की. हिचा डाउट तर राहणार न्हाई."

मी भीत भीत बटण दाबलं.
सर लिहिता लिहिता थांबले.
अख्खा वर्ग कॅमेऱ्याकडे वळला. मैत्रिणी हात हलवायला लागल्या.

सरांनी फोन लावला. "हं, बोल. कुठं अडलं?"

मला हुंदकाच फुटला.

"रडून घे आधी. थांबलोय मी."

त्या वर्षी नांदेडला मेडिकलला नंबर लागला. सोडायला आई-अण्णांबरोबर आपाही आल्या. होस्टेलच्या खोलीतला पंखा खडखडत होता. आपांनी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला, खुर्चीवर चढल्या, पंखा घट्ट केला.

आईनं त्यांचा हात धरला.
आपांनी तिचे डोळे स्वतःच्या ओढणीनं पुसले.

आपा, अल्लाह तुम्हाला जवळ करो.
भरल्या मनानं तुमचा निरोप घेते.