ओढ्यापलीकडची सभा

कदम मॅडम गेल्या हे मला गफारभाईंनी कळवलं. गफारभाई औंढ्याहून सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला जीप चालवतात. मॅडमच्या फोनची बॅटरी कायम उतरलेली असायची, म्हणून कधी कधी त्या गफारभाईंच्याच फोनवरून मला ‘पोचले गं’ एवढं सांगायच्या. त्या सकाळी मी चौथीच्या वर्गावर होते. गफारभाईंचा नंबर दिसला, तसा खडू हातात धरूनच फोन उचलला आणि म्हणाले, “पोचलात का?” पलीकडून गफारभाईच बोलले, “मॅडम, मैं बोल रहा हूँ. मॅडम स्टँडपे बैठे बैठे गिर गए. दवाखाने लेके आए हम लोग… लेकिन नहीं रहे.”

नंतर भेटायला आलेल्या कितीतरी जणांनी मला सांगितलं, की काही तकलीफ न होता गेल्या, नशीबवान हो. मी ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं. पण आता लिहायला बसलेच आहे तर सांगते. निवृत्तीला अजून अवकाश असलेली बाई, छातीत दुखतं म्हणून जवळची शाळा द्या असा अर्ज केलेली बाई, उन्हात सिमेंटच्या बाकावर जीपची वाट बघत बसली होती. जिथं जायचं होतं ती तिची शाळाही नव्हती. तिची शाळा सेनगाव तालुक्यात, जिथं मी अजून शिकवते. तिथून तिला उचलून धरणापलीकडे काहून टाकलं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शोकसभेत माईक हातात घेतलेल्या एकाही माणसानं ते उच्चारलं नाही.

वत्सला कदम आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळ्यांच्या कदम मॅडम, माझ्या वत्सलाताई. आम्ही दोघी हिंगोलीत राहायचो आणि रोज एकाच जीपने शाळेला यायचो. त्या फार गोड स्वभावाच्या होत्या असं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका. तोंड फाटकं, आवाज मोठा. डबा खाताना दुसऱ्याच्या डब्यातली चटणी न विचारता उचलायच्या आणि ‘मीठ कमी पडलंय गं रेखा’ असं वर ऐकवायच्या. परिपाठाला प्रार्थना इतकी बेसूर म्हणायच्या की पहिलीतली लेकरं तोंडावर हात धरून हसायची. बेडकाला मात्र भयंकर भ्यायच्या. पावसाळ्यात वर्गात बेडूक शिरला की मुख्याध्यापिका टेबलावर आणि शाळा व्हरांड्यात, अशी आमची तऱ्हा.

आमची शाळा गावठाणात. गावाच्या खालून ओढा जातो, त्या ओढ्यापलीकडे तांडा आणि माळावरची वस्ती. तिकडची निम्मी लेकरं आमच्याच शाळेत. पाऊस झाला की ओढ्याला पाणी यायचं आणि हजेरीत तांड्याची नावं रिकामी राहायची. शाळेची पालक समिती होती, पण त्या समितीत ओढ्यापलीकडचं माणूस मी तरी कधी पाहिलं नव्हतं. समिती शाळेत निवडलीच जायची नाही. ती बाबाराव आण्णांच्या बैठकीत ठरायची. आण्णा गावातले मोठे शेतकरी, वर्षानुवर्षं समितीचे अध्यक्ष. त्यांच्या ओसरीवर चहा व्हायचा, चार नावं पुरुषांची निघायची, बायकांची नावं त्यांच्या नवऱ्यांना विचारून घातली जायची. सभेला नवरे यायचे. सरकारचा नियम आहे निम्म्या बाया पाहिजेत, तर कागदावर निम्म्या बाया होत्याच.

त्या पावसाळ्यात सहावीतली पूजा ओढ्यात घसरली. मैत्रिणीनं वेणी धरून ओढली म्हणून वाचली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बापानं तिला आणि धाकट्या बहिणीला घरी बसवलं. मग बघता बघता तांड्यातल्या मोठ्या पोरी एकेक करून येईनाशा झाल्या. वत्सलाताई आण्णांकडे गेल्या, मी सोबत होते. ओढ्यावर साधा नळ्यांचा पूल तरी करून घ्या, समितीनं ग्रामपंचायतीकडे मागणी करावी, असं त्यांनी सांगितलं. आण्णांनी सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, “मॅडम, तांड्याची लेकरं येतात, न्हाई येत. त्यांचं काय घेऊन बसल्या? दिवाळीनंतर ऊसतोडीला जातीलच की.”

परतताना जीपमध्ये, सेनगाव मागे पडल्यावर ताई म्हणाल्या, “रेखा, ह्या माणसाला वाईट म्हणून उपयोग न्हाई. त्याला तो ओढा कधी ओलांडावाच लागला न्हाई. समितीच चुकीची बांधलीय आपण.”

समितीची मुदत संपतच आली होती. नवी कशी बांधायची यावर आमचे चांगले खटके उडाले. माझं म्हणणं होतं, वर्गवार करू. प्रत्येक वर्गाच्या पालकांनी आपले दोन प्रतिनिधी निवडायचे. सोपं, सुटसुटीत. त्यांनी एका वाक्यात ते खोडून काढलं. “वर्गवार सभा शाळेत घेशील, मग शाळेत कोण येईल? गावठाणातलेच. पुन्हा आण्णाच.” मग मोठी पालकसभा घेऊन हात वर करायचे का? त्यावर म्हणाल्या, “आण्णासमोर कोणती बाई हात वर करून राहिली, दाखव मला.” शेवटी त्यांनी ठरवलं ते असं, की निवड वस्तीवार. गावठाण, खालची आळी, माळावरची वस्ती, तांडा. शिक्षकांनी वस्तीवर जायचं, तिथल्या आयांनी तिथंच बसून आपल्यातल्या दोघी निवडायच्या. आणि दर महिन्याची सभा आलटून पालटून प्रत्येक वस्तीवर, संध्याकाळी, बाया शेतातून आल्यावर. बाप लोकांचं काय, मी विचारलं. “त्यांनीबी यावं, निवडूनबी यावं. पण बायकोच्या जागी न्हाई, स्वतःच्या जागी.”

आमच्यातल्या एकदोन शिक्षकांना हे पटलं नाही. आमची घरी जायची वेळ कोण सांभाळणार, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. ताई म्हणाल्या, ज्यांना जमत नाही त्यांनी येऊ नका, मी कुणाला विचारणार नाही. आणि खरंच कुणाला विचारलं नाही.

पहिली सभा त्यांनी मुद्दाम तांड्यावर ठेवली. ओढ्याला तेव्हा मांडीएवढं पाणी होतं. गावठाणातल्या निवडून आलेल्या बाया, तिथूनच निवडून आलेले दोन बाप, आम्ही शिक्षक, आणि काय चाललंय ते बघायला आण्णांचा पुतण्या. सगळे काठावर उभे. ताईंनी साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि पाण्यात उतरल्या. मध्यावर पोचल्या आणि किंचाळल्या. सगळ्यांना वाटलं, पाय गेला. तर पायाला बेडूक लागला होता! पलीकडून तांड्याच्या बाया हसत हसत पाण्यात आल्या आणि त्यांना धरून नेलं. त्या हसण्यात अंगावरचा संकोच गेला. गावठाणातल्या एका बाईचं नेसू कमरेपर्यंत भिजलं. ती काठावर पिळत पिळत म्हणाली, “आगं माय, लेकरं रोज हितून येऊन राहिली व्हय?” एवढं एक वाक्य. कितीतरी वर्षांच्या समितीत ते कुणी बोललं नव्हतं.

पूल झाला. सहजासहजी नाही. समितीच्या बाया ठरावासाठी ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन बसल्या, टोलवाटोलवी झाली, तरी उठल्या नाहीत. गावठाणाच्याही बसल्या, तांड्याच्याही, एकाच सतरंजीवर. हिवाळ्यात नळे आले, उन्हाळ्याआधी पूल झाला. पुढच्या पावसात पूजा पुन्हा शाळेत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची लेकरं मागे राहिलेल्या आज्यांकडे ठेवायची, त्यांच्या जेवणाचं कसं करायचं, हेही समितीनंच ठरवलं. हे सगळं पाहिलेली मी, आणि आज कुणी मला सांगतं की मॅडमनी गावात फूट पाडली.

होय, वर शिक्षण खात्याकडे गेली ती तक्रार हीच होती. मुख्याध्यापिका शाळेच्या वेळात वस्त्यांवर फिरतात, जातीपातीवरून पालकांत भांडणं लावतात, गावात फूट पाडतात. शाळेच्या वेळात एकही सभा झालेली नव्हती. चौकशीला साहेब आले. गाडी शाळेसमोर थांबली नाही, सरळ आण्णांच्या दारात गेली. तिथं जेवण झालं, तिथंच जबाब झाले. समितीतल्या एकाही आईला कुणी बोलावलं नाही. बाया आपणहून गेल्या तर त्यांना ओसरीखाली उभं केलं आणि साहेबांना घाई आहे असं सांगितलं. मी माझं म्हणणं लिहून दिलं, सहीनिशी दिलं. त्याचं काय झालं ते आजतागायत मला कळलेलं नाही. महिन्याभरात आदेश आला. प्रशासकीय सोयीसाठी प्रतिनियुक्ती, म्हणजे नेमणूक इथलीच पण काम दुसरीकडे. धरणापलीकडची छोटी शाळा. कुणाची सोय, ते आदेशात नव्हतं.

ताई गप्प सोसणाऱ्यांतल्या नव्हत्या. भांडल्या, अर्ज केले, डॉक्टरांचे कागद जोडले. वरच्या कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं, की मॅडम, थोडे दिवस काढा, गाव शांत झालं की बघू. त्या तिथल्या साहेबांना म्हणाल्या, “गाव शांतच होतं साहेब. तेच तर दुखणं होतं.” हे मला त्यांनी हसत सांगितलं, पण हसता हसता छाती चोळत होत्या. आमची शेवटची भेट त्यांच्या घरी, एका रविवारी. त्यांचे यजमान ज्वारी निवडत बसले होते. मी म्हटलं, रजा टाका, घरी बसा. तर म्हणाल्या, “तिथली लेकरं गुणाची आहेत गं. कोळ्यांची पोरं, धरणावर बापासंगं मासे धरून येतात, हाताला वास असतो, अक्षर मात्र मोत्यासारखं.” जिथं शिक्षा म्हणून पाठवलं तिथल्याही लेकरांत ही बाई गुंतली होती. मला त्याच वेळी चीड आली होती, त्यांचीसुद्धा. कुणासाठी एवढं? मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, “खा. तोंड बंद राहील.” आठवड्याच्या आत त्या औंढ्याच्या स्टँडवर…

शोकसभा आमच्या शाळेतच झाली. मंडप, फोटोला हार, खुर्च्या. खुर्च्यांवर पुरुष. बाया मागं, पत्र्याच्या शेडखाली उभ्या. अध्यक्षस्थानी बाबाराव आण्णा. ते माईकवर आले आणि खरंच रडले, हे मान्य केलं पाहिजे. माणूस रडतो आणि तरीही त्याला आपण काय केलं ते दिसत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं. मॅडम म्हणजे या गावची माउली होती, म्हणाले. त्यांच्या नावाची कमान शाळेला बांधू. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आणि त्याच आठवड्यात आण्णांच्याच बैठकीत जुन्या पद्धतीची नवी समिती ठरली होती, चार पुरुषांची नावं आणि खाली नवऱ्यांना विचारून बायकांची.

टाळ्या थांबल्या तशी मागून शांताबाई राठोड पुढं आली. तांड्यावरून निवडून आलेली, पूजाची आई. कुणी तिला बोलावलं नव्हतं, माईकही दिला नाही.

“कमान नको आमाला,” ती म्हणाली. “समिती वापस द्या.”

“शांताबाई, ही वेळ न्हाई,” आण्णा म्हणाले. “कुणाच्या मयतीचं तरी भान ठेवा.”

“मयत कशानं झाली ते बोलू मंग,” ती म्हणाली. “मॅडमला हितून कुणी घालवलं? आमी तुमच्या वट्याखाली उभ्या होतो त्या दिवशी. साहेब आत जेवून राहिले होते. आमाला एक शब्द इचारला न्हाई. आता हार घालता?”

कुणीतरी खाली बसा, खाली बसा म्हणालं. बसायला तिला खुर्ची नव्हती. मी शिक्षकांसाठीच्या खुर्चीवर होते. उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग गावठाणातली, ओढ्यात नेसू भिजलेली, ती आली. मग खालच्या आळीच्या. आण्णांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं आणि सभा संपवली.

समिती काही वापस मिळाली नाही. कागदावर आण्णांचीच आहे. मी अर्ज केला आहे, बायांनी अंगठे आणि सह्या करून वेगळा केला आहे. उत्तर नाही. माझीही प्रतिनियुक्ती निघेल असं मला हितचिंतक सांगतात. निघू द्या.

पण गेल्या शनिवारी संध्याकाळी तांड्यावरून निरोप आला, की सभा आहे, या. कसली सभा, कोणत्या समितीची, काही नाही. मी गेले. पुलावरून गेले, चपला पायातच होत्या. शांताबाईच्या अंगणात चारी वस्त्यांच्या बाया बसल्या होत्या. मी उशिरा पोचले म्हणून सगळ्यांच्या पाठीमागं, शेळीच्या दावणीजवळ बसले. वत्सलाताईंची एक रीत होती. सभेत सगळ्यांत मागं जी बसली असेल तिनं सुरुवात करायची. पुढं बसणाऱ्या बोलतातच, त्या म्हणायच्या. ती रीत पाळायला सांगणारं आता कुणी नव्हतं. मी आपली वाट बघत होते, कोण बोलतंय. तर सगळ्या मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या.

“बोला मॅडम,” शांताबाई म्हणाली. “सगळ्यात मागं तुमीच बसल्या.”

मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं ते एवढंच, “मला फार राग आलाय.”

“आमालाबी,” खालच्या आळीची एक म्हातारी पुढून म्हणाली. “मंग? पुढं बोला.”