घातचतुर्दशी

बालाजी घाटाच्या पायरीवर मी एका नामवंत पत्रकाराच्या गूढ मृत्यूवरचं जाडजूड पुस्तक वाचत होतो. शेजारी धोतर पिळणारे मराठी गुरुजी मुखपृष्ठावरचा फोटो बघून म्हणाले, "यांचं श्राद्ध मीच करतो. काय लिहिलंय?"

"हार्ट अटॅक म्हणे. बायकोचाही कुणावर संशय नाही."

"अच्छा." त्यांनी धोतर पुन्हा पिळलं. त्यात आता पाणी उरलं नव्हतं. "बाई मात्र दरवर्षी पितृपक्षात घातचतुर्दशीलाच येतात."

तो दिवस अपघातानं किंवा घातपातानं गेलेल्यांचा. साध्या आजारानं गेलेल्याचं श्राद्ध त्या दिवशी कुणी करत नाही.

मी पुस्तक मिटलं. "तुमच्याजवळ काही बोलल्या त्या?"

"छे! फक्त दिवस सांगतात." गुरुजींनी धोतर खांद्यावर टाकलं. "आणि मी तरी तुम्हाला कुठे काय बोललो?"