पाठीतली सुई

जयवंताचं पहिलं बाळंतपण गुरांच्या कोठ्यात झालं, आणि त्यात तिनं सासूचं बोट चावून तोडलं.

अकोल्यापासून दोन कोसांवर, मोर्णेच्या काठी, सहदेव माळ्याचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. रोज सकाळी पाट्या भरून अकोल्याच्या बाजारात जायच्या. घरात विधवा सासू माणिकबाई, थोरला दीर खुशालराव, त्याची बायको सुभद्रा, आणि धाकटा सहदेव. घर खुशालरावाच्या शब्दावर चालायचं, आणि शब्द पुरला नाही की हातावर. हिवरखेडची जयवंता सहदेवाची बायको म्हणून या घरात आली तेव्हा अजून पुरती वाढलेलीही नव्हती.

वर्षभरात दिवस गेले. कळा सुरू झाल्या तशी तिला कोठ्यात नेऊन घातलं. एक दिवस गेला, दुसरा गेला, पोर काही सुटेना. सत्यभामा सुईण म्हणाली, "पोरगी आंग चोरून राह्यली. बांधा इले." बैलाचा कासरा आणून तिचे हात कोठ्याच्या खांबाला, मेढीला बांधले. तिनं किंकाळी फोडली की माणिकबाई थोबाडीत द्यायची. "वरडू नोको! बाहेर गडीमानसं हायेत. बाईच्या जातीले लाज नाई?" वेणीचं टोक तिच्याच तोंडात कोंबलं. ते तिनं थुंकलं, तेव्हा माणिकबाईनं तळहातानं तिचं तोंड दाबून धरलं. सत्यभामानं तिच्या पोटावर गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला.

त्या भाराखाली आत काहीतरी फाटलं. जयवंतानं दात आवळले. दातांमध्ये माणिकबाईची करंगळी होती. हाड मोडल्याचा आवाज सुभद्रेनंही ऐकला.

पोर आलं ते निळं, लांबट डोक्याचं, न रडलेलं. मुलगा होता. त्याच्याकडे कोणी बघेपर्यंत माणिकबाईच्या किंकाळीनं खुशालराव दार लाथाडून आत आला होता. बाळंतिणीच्या जागेत पुरुषानं पाय ठेवू नये, हेही त्याला सुचलं नाही. आईच्या हातातून रक्ताची धार लागलेली त्यानं पाहिली आणि बांधलेल्या जयवंताच्या तोंडावर जोड्यासकट लाथ मारली. तिचे पुढचे दोन दात पडले.

सहदेव मोट सोडून धावत आला. त्यानं मेलेलं पोर पाहिलं, बायकोचं तोंड पाहिलं, भावाकडे पाहिलं. खाली बसून त्यानं कासऱ्याच्या गाठी सोडल्या. एवढंच त्यानं केलं, आणि ते तिला पुरेसं वाटलं नाही.

पुढं बरेच दिवस ती त्याला जवळ येऊ देईना. गावात तिला चावरी म्हणायला लागले. बाजारात ती पदर दातांवर ओढून बसायची. तिथंच तिची वच्छलेशी ओळख झाली. वच्छला बायांच्या दवाखान्यात आया होती आणि भाजी घ्यायला यायची. एकदा वांगी निवडताना ती सहज बोलून गेली, "आमच्या डाक्टरीनबाई पाठीत सुई टोचते. कमरेखालचं सारं मेल्यासारखं होऊन जाते. बाई जागी असते, बोलत असते, अन् लेकरू वढून काढते."

"दुखत नाई?"

"नाई म्हंते बाया."

"लबाड बोलतं तू," जयवंता म्हणाली. पण त्या दिवशी वांगी तोलताना तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं सहदेवाला सरळ सांगितलं, "या टायमाले दवाखान्यात न्या. नाई तं मी इहिरीत जातो. लेकरासगट."

सहदेव म्हणाला, "दादा आयकनार नाई."

"मंग दादालेच बाळंत होऊ द्या."

खुशालरावाच्या कानावर गेलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं ताट भिंतीवर फेकलं. "माळ्याच्या घरची बाई परक्याच्या हाताखाली उघडी पडन? मी जित्ता असतानी?"

कळा आल्या त्या सकाळी, वांग्याच्या वाफ्यात. सहदेवानं बंडीला बैल जुंपले, खाली कडबा टाकला, जयवंताला उचलून वर ठेवलं. मळ्याच्या तोंडाशी काट्यांचा झापा लावलेला होता, आणि झाप्यासमोर काठी घेऊन खुशालराव उभा होता.

"उतरव तिले."

"दादा, बाजूले हो."

खुशालरावानं बैलाची वेसण धरून हिसडली. बैल उधळला, बंडी कलली, जयवंता फळीवर आपटली. तिनं शिवी दिली. मोठ्या दिराला, तोंडावर, सगळ्या मळ्यासमोर. खुशालराव वळला आणि काठी तिच्या खांद्यावर बसली. दुसरी पोटावर येणार होती. तिनं दोन्ही हात आडवे घातले आणि मनगटावर घेतली.

तेव्हा सहदेवानं बंडीच्या कडेची उभारी, तो जाड दांडा, उपसली.

तो भावापेक्षा अंगानं लहान होता आणि आजवर त्याच्यापुढं त्यानं मान वर केली नव्हती. पहिला घाव त्यानं काठीच्या हातावर घातला. कोपराखालचं हाड मोडून हात भलत्याच दिशेला लोंबला. खुशालराव ओरडलासुद्धा नाही, हाताकडे बघत राहिला. दुसरा घाव कानावर बसला. तो गुडघ्यावर आला, मग पाटाच्या चिखलात आडवा झाला. सहदेवानं उभारी पुन्हा उचलली. माणिकबाई धावत येऊन थोरल्याच्या अंगावर पडली. "मारून टाकतं काय रे भावाले! माह्या पोटचा हाये थो!"

"मेलेलं लेकरू माह्या पोटचं होतं!" बंडीतून जयवंता ओरडली.

उभारी सहदेवाच्या हातून सुटली. झापा अजून लागलेलाच होता. तो कोणी सरकवला, तर सुभद्रेनं. नवरा चिखलात पडलेला होता, आणि तिनं काटे उघड्या हातांनी ओढून बाजूला केले. दिराकडं न बघता ती म्हणाली, "जा लवकर."

दवाखान्यातल्या डॉक्टर अनुपमाबाई अमरावतीच्या एका वकिलाच्या लेक होत्या. त्यांनी तपासलं. पोराचं डोकं आडवं अडकलं होतं, चिमटा लावून ओढावं लागणार होतं. जयवंता खाटेवर कोणाला हात लावू देत नव्हती. हात धरायला आलेल्या नर्सला तिनं लाथ मारून खाली पाडलं.

"बांधू नोका मले! बांधलं तं जीव घेईन एकेकीचा!"

"कोणी बांधत नाही," अनुपमाबाई म्हणाल्या. "हे बघ, हात मोकळे. सकाळी जेवलीस का?"

"भाकर खाल्ली."

"मग हुंगायचं औषध नको, ओकाऱ्या होतील. पाठीत सुई देते. तू जागीच राहशील. पण वाकून बसायचं आणि हलायचं नाही."

कळ येत असताना न हलणं सोपं नव्हतं. वच्छलेच्या खांद्यात नखं रुतवून ती वाकली. सुई मणक्यात शिरताना तिला आत कुणी काडी मोडल्यासारखं वाटलं. मग पायांना ऊब आली, चुलीपुढं बसल्यासारखी. मग पाय जड झाले. मग पुढची कळ आली. पोट दगडासारखं घट्ट झालेलं तिला हाताला लागलं, आणि दुखलं नाही.

"कळ आहे का?" अनुपमाबाईंनी विचारलं.

"हाये. पन दूर हाये. नदीपल्याड कोनी कापूस पिंजून राह्यलं, असं."

तिला भीती वाटली. तिनं मूठ वळून आपल्याच मांडीवर मारली. काही नाही. पुन्हा मारली, आणखी जोरात, मग मारतच राहिली. मांडी लाल झाली, आणि ती कुणा दुसरीची मांडी असल्यासारखी तिथं पडून होती. जयवंता हसायला लागली. हसता हसता तिचा हुंदका फुटला.

"आता काय झालं?"

"मंग तवा काहून नाई दिली? पयल्या टायमाले?"

"तेव्हा तू इथं नव्हतीस ना, बाई."

"कुठं होती मंग? दोन कोसांवर तं होती!"

अनुपमाबाईंनी चिमटा उचलला. ओढलेलं सगळं जयवंताला कळलं. पोत्यातून काही उपसावं तसा हिसका, ताण, रिकामं होणं. फक्त वेदना नव्हती. पोर दोन्ही गालांवर चिमट्याचे वळ घेऊन आलं आणि जोरात रडलं. मुलगा. त्याचं नाव देवीदास ठेवलं.

सुईचा हिशेब मात्र नंतर चुकवावा लागला. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि डोक्यात कुऱ्हाड पडावी तशी कळ उठली. बसलं की ठणका, आडवं झालं की कमी. आठवडाभर ती उताणी पडून पोराला पाजत होती. माणिकबाई घरी सगळ्यांना सांगत होती की सुईनं सून वेडी झाली. मग एका सकाळी डोक्यातला ठणका आपोआप उतरला.

खुशालरावाचा हात वाकडाच बसला. एका कानानं त्याला ऐकू येईना. त्यानं सहदेवाची कडब्याची गंजी पेटवली, सहदेवानं त्याचा झेंडूचा वाफा बैल घालून तुडवला. शेवटी पंचांनी मळ्याच्या मधोमध मातीची भिंत घालून दिली.

तिसऱ्या खेपेला अनुपमाबाई अमरावतीच्या दवाखान्यात गेलेल्या होत्या, म्हणून जयवंता अगोदरच अमरावतीला जाऊन राहिली. मनात अजिबात धास्ती नव्हती. सुई दिली, आणि डावं अंग सुन्न झालं. उजवं जसंच्या तसं. अर्धी बाई शांत पडलेली आणि अर्धी जळत्या निखाऱ्यावर, अशी ती तळमळली. अनुपमाबाईंना तिनं तोंडाला येईल ते म्हटलं. "तू कुशीवरच पडून राहिलीस, औषध एकाच बाजूला उतरलं," त्या म्हणाल्या. "होतं असं कधी कधी." मुलगी झाली. तारा.

म्हणून महायुद्धाची लढाई चालू असताना एका दुपारी सुभद्रा भिंत ओलांडून आली तेव्हा जयवंतानं तिला खोटं सांगितलं नाही. सुभद्रेला पुन्हा दिवस होते, अगदी भरत आलेले. याआधीची दोन पोरं कोठ्यातच गेली होती.

"खरं सांग, जयवंता. दुखत नाई?"

"एका टायमाले कायीच नाई दुखलं. दुसऱ्या टायमाले अर्धं दुखलं. मांगून डोकं फुटते. असं हाये."

"अर्धं बी लय झालं," सुभद्रा म्हणाली.

कळा सुरू होताच ती निघाली. खुशालरावानं तिला अंगणातच गाठलं आणि धड हातानं लोटा फेकून मारला. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलेलं असताना ती सहदेवाच्या बंडीत चढली. खुशालराव चाकाला लटकला. तेव्हा ओट्यावरून म्हातारी माणिकबाई ओरडली, "सोड चाक! सोड म्हंतो ना! किती मारशीन?" उरलेल्या कानानं त्याला ते ऐकू आलं. त्यानं चाक सोडलं.

पण दवाखान्यात सुईचं औषधच नव्हतं. ते विलायतेहून यायचं, आणि लढाईपायी महिनोन् महिने आलेलं नव्हतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी सुभद्रेच्या कपाळाला टाके घातले. मग ती सगळ्या कळा सोसत बाळंत झाली, पोरगी जिवंत आली, आणि जयवंता शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. सुभद्रा इतकी ओरडली की फाटकाबाहेर बंडीपाशी बसलेल्या सहदेवानं कान झाकून घेतले.

"बोंबल," जयवंता तिला म्हणत होती. "आनखी बोंबल. इथं कोनी नाई मारत."

संध्याकाळी सुभद्रेनं पाणी मागितलं आणि विचारलं, "औषध कवा येते म्हंते?"

"लढाई सरली का येईन म्हंते."

"पुढच्या टायमाले इचारून येऊ मंग," सुभद्रा म्हणाली, आणि पोरीला पाजायला घेतलं.