चोर म्हणताना दार उघडं होतं

क्षितिजाबद्दल कोणी ‘बरी प्रोग्रॅमर होती’ एवढंच म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, प्रोग्रॅमर ढिगानं मिळतात! तिच्यासारखी रीतभात पाळणारी पोरगी दाखवा मला. आणि त्याच रीतभातीवरून लोकांनी तिची कशी सालटी काढली, तेही ऐका.

ती कॉलेजात असताना तिचे आईवडील गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आले. वडील पोस्टातून रिटायर झालेले. कोणी आपल्यासाठी काही केलं तर ज्याचे त्याचे वेगळे आभार मानायचे, हे त्यांनी लेकीच्या अंगात मुरवलं होतं. शेजारच्या चंपाबेनचा डबा त्या घरातून कधी रिकामा परत गेला नाही. केबिन रोडच्या क्लासात कॉम्प्युटर शिकून ती हाटकेशला आमच्या युनिटमध्ये लागली. आम्ही नळाचं सामान बनवायचो. मी बिलिंगला, शेजारच्या टेबलावर ती.

अठ्ठ्याण्णव साली तिनं गोडाऊनचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर चढवला. त्यात एक ट्रिगर लिहिला. म्हणजे काय, तर माल बाहेर गेल्याची नोंद पडली की शिल्लक आपोआप कमी होणार, कोणी हात लावायला नको. शेठ खूश. येईल त्याला कौतुकानं दाखवायचे.

आणि मग शिल्लक चुकायला लागली. कॉम्प्युटर म्हणतोय खोके जास्त, गोडाऊनमध्ये बघावं तर कमी. गोडाऊन सांभाळायचे सॅम्युएलकाका, उत्तनजवळच्या चौक गावचे, केस पिकेपर्यंत इथेच राबलेले. एके दिवशी शेठ भर गोडाऊनमध्ये, हमालांसमोर, आम्हा सगळ्यांसमोर ओरडले, “चोर साला! कम्प्युटर झूठ बोलता है क्या?” काका म्हणाले, माल गेल्याच्या चिठ्ठ्या बघा. शेठ म्हणाले, चिठ्ठ्या तूच लिहितोस. आठवड्यात माल सापडला नाही तर पोलीस बोलावतो.

क्षितिजा प्रोग्रॅम उघडून बसली. “काका चोरी करणार नाहीत. माझंच कुठंतरी चुकलंय,” म्हणाली. ऑफिसच्या मोडेमवरून तिनं जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला. तिथं एकानं लिहिलेलं सगळ्यांना जायचं. तिनं लिहिलं इंग्रजीत, वडिलांनी शिकवल्यासारखं. आदरणीय सर आणि मॅडम, तसदीबद्दल क्षमा असावी, एका माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे. आणि नीट वाचता यावं म्हणून सगळं मोठ्या अक्षरांत, कॅपिटलमध्ये!

झालं! कार्ल नावाचा कोणी होता, तो उसळला. मोठी अक्षरं म्हणजे आमच्यावर ओरडणं, ही मस्करी चाललीय का, आधी नियम वाच. दुसरा म्हणाला, कार्ल, तू उद्धट आहेस. तिसरा म्हणाला, तुम्ही दोघं विषय सोडून बोलताय. अरे, पण विषय काय होता? इथं एका म्हाताऱ्याच्या अब्रूचं खोबरं होतंय आणि हे अक्षरांच्या उंचीवर भांडतायत! मी रोज विचारायची, आलं का उत्तर? ती म्हणायची, भांडण आलंय.

शेवटी टॅनिया नावाच्या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं. तुमच्या डेटाबेसमध्ये ट्रिगर दर नोंदीला चालत नाही, कॉम्प्युटरला दिलेल्या दर हुकमाला एकदाच चालतो. एका हुकमात शंभर नोंदी घातल्यात तरी एकदाच. क्षितिजानं कपाळावर हात मारला. केबिन रोडच्या आमच्या दुकानाला दिवसभर जाणाऱ्या मालाच्या नोंदी संध्याकाळी फ्लॉपीवरून एकाच हुकमात चढायच्या. ट्रिगर त्यातली एकच नोंद वजा करायचा, बाकीच्या तशाच.

ती सरळ शेठकडे गेली. “चूक माझी आहे,” म्हणाली. दाखवलं, दुरुस्त केलं, शिल्लक जुळली.

मग तिनं लिस्टवर आभार मानले. एकेकाचे, वेगळे! शिव्या देणाऱ्यांचेसुद्धा. कार्ल परत पेटला, हा कचरा बंद कर म्हणून. तिनं शांतपणे काकांची हकिगत लिहिली. तेव्हा त्याची माफीची मेल आली, पण गुपचूप, तिच्या एकटीच्या नावावर.

त्याच दिवशी शेठनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, उठून दार लावायला गेले. काका दारातच उभे राहिले. “शेट, चोर म्हनलंत तवा दार उघडं व्हतं. आता कशाला लावता?” शेठ हसले, चहा प्यायचा आग्रह करत राहिले. काका गोडाऊनमध्ये, जिथं चोर म्हटलं होतं तिथंच, जाऊन उभे राहिले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. शेठ काही केबिनबाहेर आले नाहीत. काकांनी किल्ल्या क्षितिजाच्या टेबलावर ठेवल्या आणि चौकची बस पकडली.

तिनं कार्लला लिहिलं, बोललात सगळ्यांसमोर, तर माफीही तिथंच मागा. आणि ऐका, त्यानं मागितली! कुठल्या देशातला, तोंड न बघितलेला, भांडकुदळ मेला, पण सगळ्यांसमोर मागितली. तिनं ती मेल छापून शेठच्या टेबलावर ठेवली, शेजारी किल्ल्या आणि आपला राजीनामा.

काका परत आले नाहीत, भावाच्या होडीवर जायला लागले. शेठ मात्र येईल त्याला हळहळत सांगायचे, कम्प्युटरच्या चुकीमुळे चांगला माणूस गेला. काय सांगताय शेठ? कॉम्प्युटरनं फक्त आकडा दाखवला होता. चोर तुम्ही म्हणालात.