अकरा गुंजा

कल्याणला माझं सोनारकामाचं दुकान होतं. शहाडकडची एक आगरी बाई दर उन्हाळ्यात मला वजनासाठी गुंजा आणून द्यायची. माळावर सगळं करपलं की तिथल्या रानवेलींच्या शेंगा तडकत आणि ती त्यांतल्या गुंजा वेचायची. प्रत्येक गुंज उन्हाकडे धरून बघायची, चिरलेली टाकून द्यायची आणि माझ्याकडे न बघताच बोलायची.

एकदा आमची मोजणी झाली आणि माझ्या चार वर्षांच्या यमूने वाटीत हात घातला. आम्ही धावलो, तोवर अकरा गुंजा कमी झाल्या होत्या. गुंजेचं विष मला ठाऊक होतं. मी वैद्यबुवांकडे माणूस धाडला. बाईने मात्र यमूचं तोंड उघडून दात तपासले.

"चावल्यास का गिलल्यास, बाय?"

"गिळल्या," यमू म्हणाली.

"मंग साल फुटली नाय. आख्ख्या परत येतील."

वैद्यबुवा आले आणि वाट बघायला सांगून गेले. बाई घरी गेली नाही. परसात राहून ती यमूला पेज भरवत होती, तिच्या पोटावर हात ठेवून बसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या गुंजा तिने माझ्यापुढे धरल्या.

"अकरा. एकीलाबी दात नाय लागला."

माझ्या बायकोने यमूला पोटाशी धरलं. मी आभार मानणार, तोच ती बाई मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली.

"मना वाटला," ती म्हणाली, "माज्या हातानं पोर गेली."